गुंजाळ सरांचे शंभर मीटर

सावेडीकडच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आमच्या फाटकाशी उकिडवे बसलेले दिसले. हातात लांबलचक टेप. मला वाटलं, रस्ता रुंद करणारे आले. मी घाबरून आमच्या ह्यांना हाक मारली. तोवर गृहस्थ उठले, गुडघे झटकले आणि कुणी दगावल्यासारखे हळहळत म्हणाले, "चार मीटरनं हुकलं बघा बाई तुमचं."

हे गुंजाळ सर. मूळचे श्रीगोंद्याकडचे, नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. संगणकांची जाळी अंतरावरून कशी ओळखायची, हा त्यांचा लाडका धडा. हाताच्या अंतरात मावतं ते पॅन, एका आवारातलं ते लॅन, शहरभर पसरलं की मॅन आणि शहर ओलांडून देशोदेशी गेलं की वॅन. मुलं हे परीक्षेत लिहायची आणि दाराबाहेर पडताच विसरायची. सर मात्र त्या धड्यातच राहायला गेले होते.

चष्मा, कानातलं मशीन, मोबाईल आणि सुपारीची डबी हे त्यांचं पॅन. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, डबी उचलून कपाटात ठेवली की, "माझ्या पॅनमधली वस्तू काढायची न्हाई!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. लॅन म्हणजे शंभर मीटर. का, तर लॅनची तार तेवढ्या अंतरापर्यंत निरोप धड पोचवते, पुढं दमते. म्हणून सरांचा नियम असा: शंभर मीटरच्या आतल्या माणसाला फोन करायचा नाही, उठून जायचं. त्याच्या बाहेर पण नगरात असेल तर आधी फोन, मग स्कूटर. नगरच्या बाहेर नुसता फोन, तोही रविवारी.

आमचं घर एकशे चार मीटरवर. तेही तारेच्या वाटेनं, म्हणजे त्यांच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेकडेनं आमच्या फाटकापर्यंत. मी एकदा म्हटलं, "सर, सरळ रेषेत मोजलं तर आम्ही आत येतो."

"कावळा असतो तर तसंच आलो असतो, बाई."

त्यामुळे सर आम्हाला फोन करत. ते त्यांच्या फाटकात उभे, मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालतेय, दोघं एकमेकांना लख्ख दिसतोय, आणि फोन वाजतोय. मी हात केला की पलीकडून आवाज यायचा, "हात हालवू नका, फोनवर बोला."

"हे कशात येतं, सांगा बरं," हा त्यांचा पेटंट प्रश्न. एकदा भाजीवाल्यावरून त्यांनी मला अडवलं. तो रोज शंभर मीटरच्या आत येतो, बाहेर जातो, इकडच्या बातम्या तिकडं पोचवतो.  "राउटर हाय तो!" म्हणून सर इतके खूश झाले की भाजीवाल्याला त्यांनी बसवून चहा पाजला. त्या बिचाऱ्याला अजून माहीत नाही, कशाबद्दल.

त्यांच्या लॅनमधली दोन घरं फार जवळची. एक साळवे सिस्टर, श्रीरामपूरच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दुसरे कापडबाजारात शिवणकाम करणारे सय्यदभाई. रोज आंघोळ झाली की सर तिकडं जाणार. सिस्टरच्या मोबाईलचं अक्षर मोठं करून देणार, सय्यदभाईंच्या ओट्यावर बसून पेपरवर भांडणार. तेव्हा आमच्या कॉलनीत कुणी बेल वाजवत नसे. फाटकाची कडी वाजली की आत आधण ठेवलं जायचं. आता आठवलं की वाटतं, आपण तेव्हा किती श्रीमंत होतो.

सरांचा नियम खरा गाजला तो त्यांच्या मुलाच्या, अभिजीतच्या लग्नात. लॅनमधल्या घरांना सरांनी जोडीनं जाऊन अक्षता दिल्या. आम्हाला पत्रिका आली भाजीवाल्याच्या हातून, आणि पाठोपाठ फोन. आमचे हे भडकले. "सख्खे शेजारी, आणि अक्षत नाही? मी पाय ठेवणार नाही त्या मांडवात!" संध्याकाळी काकू आल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट आणि वर झाकलेलं हुलग्यांच्या शेंगोळ्यांचं पातेलं. ह्यांच्या हातात अक्षता देत म्हणाल्या, "भावजी, त्यांचं जाळं त्यांच्यापाशी. माझ्या पायाला कुठं टेप लावलाय?" ह्यांचा राग शेंगोळ्यांच्या दुसऱ्या वाटीतच विरघळला.

काकू अशाच येत राहिल्या. चार मीटर त्यांनी कधी मोजलेच नाहीत. सर मात्र माझ्या माहितीत आमचा उंबरा एकदाही चढले नाहीत.

काकू गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. अभिजीत कॅनडात. सिस्टरना त्यांची भाची श्रीरामपूरला घेऊन गेली. सय्यदभाईंना लेकीनं पुण्याला नेलं. मधल्या बंगल्यांच्या जागी फ्लॅट उठले, तिथं कोण राहतं हे तिथल्या वॉचमनलाही नीट सांगता येत नाही. सर रविवारी फोनवर मोठमोठ्यानं बोलतात, सिस्टरशी, सय्यदभाईंशी, कॅनडाशी. मी विचारलं की म्हणतात, "वॅन जोरात चालू हाय." पण सकाळी आंघोळ करून, केस विंचरून ते फाटकात येतात, आणि जायला घरच नसतं. थोडा वेळ उभे राहतात, मग आत वळतात. मला ते बघवत नाही. मी हाक मारायचे, "या ना सर चहाला." लगेच माझा फोन वाजायचा. "नको, बाई. झालाय."

गेल्या महिन्यात त्यांच्या अंगणात धाडधाड आवाज सुरू झाला. जाऊन बघते तर गवंडी कंपाउंडची भिंत फोडतोय. त्यांचं फाटक पलीकडच्या टोकाला. हे भगदाड अलीकडच्या, आमच्या बाजूला.

"काय झालं हो सर?"

"वारा येत न्हवता," सर माझ्याकडं न बघता म्हणाले.

चार दिवसांत तिथं एक बुटकं लोखंडी फाटक बसलं. रंग ओला असतानाच सरांनी टेप काढला आणि एक टोक मला धरायला लावलं. पन्नास मीटरचा टेप, दोनदा लावला. दुसऱ्या खेपेला ते आमच्या फाटकाशी वाकले, आकडा बघितला, चष्मा पुसून परत बघितला.

"त्र्याण्णव," म्हणाले, आणि टेप गुंडाळायला लागले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात सर उभे. फोन नाही, काही नाही. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. चपला कुठं काढाव्यात ते त्यांना सुचेना. मी, "या, या," म्हणत खुर्ची पुढं ओढली. ते टोकावर बसले. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"मी कधी आलो न्हाई तुमच्याकडं," म्हणाले. "ती यायची. मला वाटायचं, घरातलं एक मानूस जातंय, बास झालं."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अहो सर, मग तसंच यायचं ना. भिंत कशाला फोडलीत? नियम तुमचाच, कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"नियम मोडायला ती व्हती की, बाई," सर म्हणाले. "मला कुठं येतंय ते?"

मी आत गेले आणि डोळे पुसून चहा टाकला. बाहेर आमचे हे पेपर घेऊन त्यांच्याशेजारी बसल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं कसल्याशा बातमीवरून दोघंही तावातावानं भांडायला लागले.