मस्टरवरच्या सहाव्या बाई

नगरपालिकेची तीन मजली इमारत झाडण्यापुसण्याचा ठेका माझ्याकडे आहे, आणि या धंद्यात मला शेंडी लावणारा अजून जन्मायचाय, असं मी मागच्या महिन्यापर्यंत चारचौघांत सांगत असे.

नवा नियम आला तेव्हा बाकीचे ठेकेदार हवालदिल झाले. नगरपालिकेचं काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला निर्वाह वेतन द्यायचं. म्हणजे घरभाडं, औषधपाणी, पोरांची शाळा भागेल एवढा पगार, आणि तोही थेट बँकेत. मी मात्र मिशीत हसत होतो. कागदावर माझे कामगार सहा, प्रत्यक्षात बायका पाच. सहाव्या जागी मी आमच्या सासूबाईंचं नाव लावलं होतं. त्यांचा पगार त्यांच्या खात्यात आणि खात्याचं कार्ड माझ्या खिशात. पगार वाढला, की माझंच भलं.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्याच्या उपचारांसाठी आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या. "आई, इथल्या बँकेत एक खातं असलेलं बरं," म्हणून मी कागद पुढे केले. जन्मभर मुलांच्या वह्यांतले काने-मात्रे तपासणाऱ्या बाईंनी जावयाचे कागद तेवढे न वाचता सही केली.

एके दिवशी सकाळी मी अंगाला साबण लावून न्हाणीत उभा असताना बेल वाजली. बायकोनं दार उघडलं.

"मी नगरपालिकेची तपासणी अधिकारी. सफाई कामगार बाई इथंच राहतात ना?"

"बाई कुठली? घरातलं सगळं आईच बघते," बायको म्हणाली.

माझ्या हातातला तांब्या निसटला. नळ बंद करून मी कान दाराला लावला.

"आजी, कधीपासून आहात इथं?" मॅडमनी विचारलं.

"आठ महिने झाले. दवाखाना सोडला तर उंबरा ओलांडलेला नाही."

"सुट्टी मिळते?"

"नातवंडं असताना कसली सुट्टी?"

"आणि पगार?"

"पगार? मला? दोन वेळा चहा मिळतो. तिसरा मागितला तर जावई तोंड वाकडं करतात."

बाहेर पेन खरखरत होतं. मग मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. तुम्हाला इथं डांबून ठेवलंय का?"

मी टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आलो. डोळ्यांत साबण गेलेला. "मॅडम, गैरसमज होतोय. त्या माझ्या सासूबाई आहेत."

"म्हणजे सासूला वेठबिगारीला ठेवलंत?"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाईंनी चष्मा लावून मॅडमच्या हातातलं हजेरीचं मस्टर ओढून घेतलं. आठ महिने रोज स्वतःची हजेरी. एकही खाडा नाही. एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

"जावईबुवा, या दिवशी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं."

मी डोळ्यांतला साबण पुसू लागलो.

"आणि मी तिसरा मजला पुसला?"

बायकोनं माझ्यापुढे हात पसरला. मी खुंटीवरच्या शर्टातून कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. टॉवेल सावरत उभं राहण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता पैसे सासूबाईंना मिळतील, म्हणजे निदान घरात राहतील. पण त्यांनी साडी बदलली, काठी घेतली आणि मॅडमच्या गाडीत जाऊन बसल्या. मीही घाईघाईनं कपडे चढवून मागे बसलो.

नगरपालिकेच्या जिन्याखाली पाची बायका बादल्या भरत होत्या. सासूबाईंनी त्यांच्यातल्या थोरल्या ताईंना विचारलं, "तिसरा मजला कोण करतं?"

"आम्हीच, आळीपाळीनं. सहावी बाई येणार, येणार म्हणतात साहेब. आली नाही कधी."

"आली आता," सासूबाई म्हणाल्या. "पण तिनं झाडू हातात धरलेला नाही. तेव्हा तिचा पगार तुम्हा पाच जणींचा. आठ महिन्यांचा."

थोरल्या ताई पुसायचा फडका हातात धरून खाली पायरीवरच बसल्या. "खरं सांगता, बाई?" त्यांनी विचारलं. सगळ्यांत लहान होती ती नळ बंद करायचा विसरली, आणि बादलीतलं पाणी माझ्या बुटांत शिरलं.

मॅडमनी पाच महिन्यांत पैसे फेडायची लेखी हमी माझ्याकडून घेतली. दंड वेगळा. पुन्हा असं घडलं तर ठेका रद्द. मी मनात आकडेमोड केली आणि काकुळतीला येऊन म्हणालो, "मॅडम, तुम्ही सगळ्यांच्या जगण्याचा विचार केलात. ठेकेदारानं कसं जगायचं?"

मॅडमनी मस्टर उघडलं, सासूबाईंच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्यापुढे धरली. "सहावी जागा रिकामी आहे. पगार नियमाप्रमाणे मिळेल."

तर हल्ली तिसरा मजला मी पुसतो. थोरल्या ताई म्हणतात, हात बरा आहे, पण कोपरे राहतात.