विश्रामबुवांचे अग्निदेव

आमचे शेजारी विश्रामबुवा वैद्य चुलीशी बोलत. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं, आणि तेही अहोजाहो करून. सकाळी शेगडी पेटली की हात जोडून विचारायचे, "काय, झोप झाली का? आज भूक कशी आहे?" मग कान देऊन ऐकायचे. गोवरी चुरचुरली की समाधानानं मान डोलवायची आणि मगच दूध वर ठेवायचं.

कल्याणात खाडीच्या अंगाला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी स्टेशनात तारमास्तर. गावात आगगाडीचं नवल ओसरलं होतं, पण बुवांच्या भट्टीचं काही ओसरत नव्हतं. लोकांना काढे आणि भस्मं देऊन जो वेळ उरे, तो बुवा तांब्याचं सोनं करण्यात घालवत. "लोक मुळ्या शोधतात, मंत्र शोधतात," ते म्हणत. "पण अग्निदेवांचा स्वभाव कुणी बघतं का? स्वभाव कळला पाहिजे, तारमास्तर!"

हा स्वभाव मला हळूहळू कळत गेला. अग्निदेव मुळात लाजाळू. एकदा पाण्यात जाऊन लपले होते, म्हणून त्यांच्याकडे टक लावून बघू नये. तोंडानं फुंकर घालू नये, आग उष्टी होते. आणि तूप बेतानं. आमच्या घरच्या होमात मी सढळ हातानं तूप सोडायला लागलो, तर बुवांनी माझं मनगटच धरलं.

"अहो, जुनं अजीर्ण आहे त्यांना! यज्ञांचं तूप खाऊन खाऊन पोट बिघडलं होतं. अख्खं खांडववन खाल्लं तेव्हा कुठं उतार पडला. आणि तुम्ही परत तेच चालवलंय?"

भटजी मंत्र विसरले. आमची मंडळी पदर तोंडाला लावून आत पळाली.

एकदा बुवांच्या मुशीतून खरोखरच पिवळा गोळा निघाला. अर्धी आळी गोळा झाली. सोनारानं कसोटीवर घासून पाहिलं आणि म्हणाला, "उत्तम पितळ आहे, बुवा."

बुवा जराही खचले नाहीत. "रंग तर मान्य झाला त्यांना! आता वजनाचं बोलू."

सुटीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसे. खाडीला भरती आलेली असायची. गोवऱ्यांचा निळसर धूर पाण्यापर्यंत उतरायचा आणि त्यातून एखाद्या गलबताचं शीड नुसतंच तरंगत गेल्यासारखं दिसायचं, खाली होडी नसल्यासारखं. बुवा वाटीतला पारा हलवत सांगत राहायचे. पारा म्हणजे महादेवाचं तेज. अग्निदेवांनी ते तोंडात धरलं, पण झेपलं नाही, टाकून दिलं. "टाकलेलं आहे ना, म्हणून एका जागी ठरत नाही बिचारं." मला डुलकी लागायची, आणि ते माझ्याशी बोलताहेत की शेगडीशी, हेच समजेनासं व्हायचं.

अशाच एका दुपारी मी टॉमस नावाच्या गोऱ्या फिटरला त्यांच्याकडे नेलं. इंजिनाच्या वाफेनं त्याचा हात भाजला होता आणि डॉक्टर ठाण्याला गेलेला. बुवांनी कोरफडीचा गर काढला.

"कुठल्या इंजिनानं भाजलं?" जणू चावलेला कुत्रा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

टॉमसला मोडकंतोडकं हिंदुस्थानी यायचं. "व्हल्कन. इंजिन का नाम व्हल्कन. हमारा पुराना आग का देव."

बुवांचा हात थांबला. "तुमच्यातही आहेत?"

"है ना. सोना बनानेवाला बुढ्ढा लोग भट्टी को उसी का नाम देता था. लंगडा देव. बदसूरत. पैदा हुआ तो माँ ने ऊपर से नीचे फेक दिया."

"आईनं?"

"हाँ, माँ ने. समुंदर की औरत लोग ने पाला. फिर सोने का ऐसा काम किया, ऐसा काम किया, कि माँ ने वापस बुलाया."

बुवा गर लावायचा विसरले होते. "मग? गेला?"

"गया."

मी हसून म्हटलं, "कमाल आहे. एवढं झाल्यावर कशाला जायचं?"

"असं कसं, तारमास्तर? बोलावणं आलं ना!" बुवा खाली मान घालून चिंधी फाडू लागले. थोड्या वेळानं अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला तान्हेपणी इथल्याच काळ्या तलावाच्या पायरीवरून एका गोसाव्यानं उचललं. त्याच्याबरोबर खूप फिरलो. तो गेला तसा इथं परत येऊन राहिलो. कुणी चौकशीला आलंच, तर सापडायला नको का? सोनं झालं असतं तर नाव लांबवर गेलं असतं. कुणाच्या तरी कानावर पडलं असतं."

बुवांची साठी केव्हाच उलटली होती. टॉमसला मराठी कळत नव्हतं, तो खाडीकडे बघत बसला होता.

बुवांनी गर लावला, चिंधी हळुवार गुंडाळली, सैलसर गाठ मारली आणि त्या दांडगट गोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "दुखतं का रे बाळा?"