सोळापेक्षा दोन मोठे

"अहो, तुम्हाला नक्की जमेल ना?" बायकोने पुन्हा विचारलं.

"यात न जमण्यासारखं काय आहे?" जावईबापूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. "या खोलीत अंधार मात्र फार आहे."

"आधी झाकण काढा."

जावईबापू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची वजनं तपासायची, तराजू सरळ आहेत का बघायचं आणि कुणाचा किलो किलोपेक्षा कमी भरला तर त्याची झोप उडवायची, हे त्यांचं काम. दोन म्हणजे दोन आणि सोळा म्हणजे सोळा, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की घरी दुधाचं पातेलंसुद्धा ते संशयाने बघत. बायको पहिली दोन वर्षं हसली होती. पुढे तिने ते सोडून दिलं.

कॅमेरा तिच्या वडिलांचा, जुन्या पद्धतीचा, रीळ घालायचा आणि सगळं हाताने फिरवायचा. वडील गेल्यावर तिच्या दोन्ही भावांचं एका आरामखुर्चीवरून वाजलं. थोरल्याचं म्हणणं, बाबांनी ती मला देतो असं तोंडाने सांगितलं होतं. धाकट्याचं म्हणणं, बाबा तेव्हा झोपेत होते. खुर्ची सासूबाईंच्या घरीच राहिली, भावांचं बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. त्यामुळे कॅमेऱ्याची पाळी आली तेव्हा सासूबाईंनी तो कुठल्याच मुलाला न देता जावयाच्या हातात ठेवला. आपल्या अंगच्या कलेची अखेर कुणाला तरी कदर आहे, एवढाच अर्थ जावईबापूंनी त्यातून काढला.

आणि आता सासूबाईंनी वाढदिवसाला एकच मागणं मागितलं होतं. दोन्ही मुलं, सुना, नातवंडं एका फोटोत, आणि तोही मुलांच्या वडिलांच्याच कॅमेऱ्याने. मोबाईलला साफ नकार. "मोबाईलमधला फोटो बघायला घेतला की नेमका कुणाचा तरी फोन येतो," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांना फोटोपेक्षा पोरं एका खोलीत हवी होती. ही गोष्ट सगळ्यांना कळत होती, फक्त फोटो काढणाऱ्याला सोडून.

पोरं आली. येऊन खोलीच्या दोन टोकांना बसली.

"अगं, त्याला सांग, पंखा कमी कर," थोरला बहिणीला म्हणाला.

"ताई, त्याला सांग, बटण त्याच्याच डोक्यामागे आहे," धाकटा म्हणाला.

ताईने उठून पंखा कमी केला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की आता लवकर आटपा.

जावईबापू काही तयारीशिवाय आले नव्हते. त्यांनी माहितीपुस्तिका वाचली होती. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहान केलं की पुढचे-मागचे सगळे स्पष्ट येतात, मोठं ठेवलं की एकच रांग स्पष्ट येते आणि बाकीचे पुसट. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. लेन्सच्या कड्यावर दोनपासून सोळापर्यंत आकडे कोरलेले होते. लहान भोक पाहिजे, म्हणजे लहान आकडा. निरीक्षकाला यात शंका यायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी कडं दोनवर आणलं, सासूबाईंच्या चष्म्यावर फोकस केला आणि सावध माणूस म्हणून एकाऐवजी तीन फोटो काढले.

तिन्ही सारखेच आले. पुढे खुर्च्यांवर सासूबाई आणि थोरल्याचं कुटुंब, अगदी थोरल्याच्या दाढीच्या खुंटांसकट स्पष्ट. मागे उभं असलेलं धाकट्याचं कुटुंब आंघोळीनंतरच्या आरशात दिसावं तसं.

फोटो हातात पडताच धाकट्याचा फोन आला. "ताई, भाऊजींना विचार, दादाने त्यांना काय सांगून ठेवलं होतं?"

"अरे, कुणी काही सांगितलं नाही. ह्यांचं काहीतरी चुकलं."

"चुकलं तर सगळ्यांचं चुकायला पाहिजे. फक्त आमचंच बरं चुकतं!"

इकडे थोरल्याने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायची इच्छा व्यक्त केली. म्हणजे प्रकरण मिटायच्या ऐवजी आरामखुर्चीला आता फोटोची जोड मिळाली. सासूबाई फोनवर नुसत्या "असू दे" म्हणाल्या, आणि ते ऐकून बायकोला रडू आलं. तिने रागारागाने कॅमेऱ्याची लेन्स काढली, खिडकीकडे धरली आणि कडं फिरवलं.

"इकडे या. बघा. दोनवर केवढं भोक आहे?"

जावईबापूंनी बघितलं. दोनवर लेन्स सताड उघडी होती. सोळावर टाचणीने पाडावं एवढं भोक उरत होतं. त्यांनी कडं पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं आणि ते खुर्चीत बसले.

"हा उघड उघड खोटेपणा आहे! एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं तर मी दुकानाला सील ठोकलं असतं."

"मग आता कॅमेऱ्याला ठोका. मी आईला काय सांगू ते आधी सांगा."

पुस्तिकेतला पुढचा परिच्छेद वाचला असता तर हे सगळं टळलं असतं, पण आपल्याला कळलेलं आहे असं वाटलं की पुढचं वाचायचं नाही, ही जावईबापूंची जुनी पद्धत. आता त्यांनी तो वाचला. मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे माप नाहीच! हे वाटेकरी आहेत. वाटेकरी दोन असले की प्रत्येकाचा हिस्सा मोठा. सोळा असले की हिस्सा एवढासा. म्हणून दोनचं भोक मोठं!"

"वाटेकरी दोन असले की काय होतं, ते माझ्या भावांकडे बघूनही तुम्हाला कळलं नाही?" बायको म्हणाली.

सगळ्यांना पुन्हा बोलावलं. आपण पुसट राहायचं नाही म्हणून धाकटा आला, आणि धाकटा येणार म्हणून थोरलाही आला. या वेळी जावईबापूंनी कुठलाच धोका पत्करला नाही. सासूबाई आरामखुर्चीत, आणि खुर्चीमागे सगळे एकाच रांगेत. उंच माणसं मधे, म्हणजे थोरला आणि धाकटा खांद्याला खांदा लावून. दोघांनी एकमेकांकडे न बघता ते सहन केलं. कडं सोळावर. आता भोक इतकं बारीक झालं की उजेड आत जाईना, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून मनातल्या मनात चार मोजेपर्यंत शटर उघडं ठेवायचं ठरलं.

"कुणीही हलायचं नाही! श्वासही जपून घ्या!"

शटर उघडलं आणि रांगेतून दबका आवाज आला, "कोपर काढ."

"तूच काढ."

"मी आधीपासून इथे आहे."

"खुर्चीच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

सासूबाई समोर बघत स्वस्थ बसल्या होत्या. त्यांचे कान मात्र मागे होते. तीन वर्षांनंतर दोघं मधे बहीण न घालता बोलत होते. विषय कोपराचा होता, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

फोटोत सासूबाई आणि आरामखुर्ची वेताच्या विणीसकट स्पष्ट आली. सुना आणि नातवंडं ओल्या शाईवर हात फिरवावा तशी. थोरला आणि धाकटा हलता हलता एकमेकांत मिसळून गेले होते, एकाच धडाला दोन डोकी.

त्या संध्याकाळी थोरल्याने थेट धाकट्याला फोन लावला. "तू हललास."

"मी नाही. तू ढकललंस."

"मी कशाला ढकलू?"

बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी दोघांच्या असं लक्षात आलं की हललं कुणीच नव्हतं, भाऊजींना कॅमेऱ्यातलं काडीचं कळत नाही. वडील गेल्यापासून दोघा भावांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा.

बायकोने हे नवऱ्याला सांगितलं. तिला आनंद झाला होता, जावईबापूंना मात्र तो नेमका कशाचा ते समजेना. एका सरकारी निरीक्षकाची अब्रू सासरच्या फोनवर चघळली जात होती. त्यांनी सुट्टी काढली. खोलीत टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडून त्यांनी प्रत्येक आकड्यावर फोटो काढले, दोनवर, चारवर, आठवर, सोळावर, आणि ते शेजारी शेजारी ठेवून तपासले. बाटल्या निदान एकमेकींशी भांडत नव्हत्या. आठवर, भर दुपारी, खिडकीची दारं सताड उघडून, एका रांगेत. याला तोड नाही, असा त्यांनी निर्णय दिला.

तिसऱ्या वेळी भाऊ एकाच गाडीतून उतरले.

"जावईबापू, आज आम्हाला डोकी किती?" थोरल्याने दारातूनच विचारलं.

"भाऊजी, झाकण काढलंय ना?" धाकटा म्हणाला, आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. दिवसभर हेच चाललं. जेवणानंतर थोरला आरामखुर्चीत लवंडला, धाकट्याने त्याला हाताला धरून उठवलं आणि स्वतः बसला, आणि थोरला चक्क उठला. जावईबापूंनी दात-ओठ खात कडं आठवर आणलं.

फोटो आला तो असा, की स्टुडिओवाल्यानेही मान वर करून विचारलं, "कुणी काढला?" एकूणएक चेहरा स्पष्ट. दोन्ही भाऊ हसताना, आणि ते कुणाला हसताहेत हेही स्पष्ट. जावईबापू घरी न जाता तो घेऊन तडक सासूबाईंकडे गेले.

सासूबाईंनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघितला. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले त्यांचे. "फार छान काढलात हो. ह्यांनासुद्धा इतका चांगला कधी जमला नाही."

जावईबापूंनी कॉलर ताठ केली. "आई, आता मोठे करून दोघांनाही एकेक देऊ या. म्हणजे कळेल त्यांना!"

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी आवाज मोठा करून तो कपाटावर ठेवला. पलीकडे थोरला होता. "काय गं आई, आला का फोटो?"

सासूबाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा जावयाकडे. मग कपाट उघडून त्यांनी फोटो कपड्यांच्या घडीखाली सारला.

"आला रे. बिघडलाय."

"परत?"

"धडं आहेत सगळ्यांची. डोकी नाहीत."

पलीकडे हशा पिकला, आणि त्या हशात थोरल्याच्या शेजारून धाकट्याचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं? हरलास तू पैज! आई, पुढच्या महिन्यात परत येतो गं आम्ही!"

सासूबाईंनी फोन ठेवला. जावईबापूंनी कपाटाकडे बोट दाखवलं. "आई, अहो... पण माझी अब्रू?"

"ती माझ्या कपाटात आहे. जपून ठेवलीय." त्यांनी कपाटाला किल्ली लावली. "पुढच्या वेळी ते भोक कितीवर ठेवलं की बिघडतं हो?"

उभ्या नोकरीत कुणाचं खोटं माप चालवून न घेतलेल्या जावईबापूंनी खिडकीकडे बघितलं, आरामखुर्चीकडे बघितलं आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.

"दोनवर," ते म्हणाले. "पण झाकणच काढलं नाही तर जास्त हसतील."