बाजेसाठी काढलेले कवेलू

शालिकरामजींच्या दंडावर सकाळी लाल गांधी उठलेल्या दिसल्या, त्याही एका ओळीत.

"डास चावले असतीन," त्यांच्या पत्नी अनुसयाबाई म्हणाल्या.

"डास का लाइन लावून चावतेत? हे राशनचं दुकान हाय का?"

"मंग ढेकनं म्हणता का? हळू बोला!"

हळू बोलायला कारण होते. दुपारच्या छोट्या गाडीने गोंदियाहून दुलीचंदजी येणार होते. त्यांचा मुलगा शालिकरामजींच्या लेकीला, सरिताला पाहून गेला होता. दोघांची पसंती झाली होती; राहिला होता तो मुलाच्या बापाचा होकार. पाहुण्याला बसायला द्यावी अशी बाज घरात एकच, आणि शालिकरामजी तिच्यावरच झोपत. ढेकणांच्या घरची पोर कोण करणार?

तशी शंका फेडणे सोपे असते. बाज अंगणात टाकावी. सुतळी तापली की आत असतील ते ढेकूण बाहेर पडतात. पण अंगणात बाज टाकणे म्हणजे वॉर्डात दवंडी पिटणे. मागच्या उन्हाळ्यात हिरालालने टाकली होती. तेव्हापासून त्याच्या घरी लोक चहा उभ्यानेच पितात.

शालिकरामजी भित्रे होते, आणि विचारीही. हे दोन्ही गुण एकत्र आले की माणूस काय करील सांगता येत नाही.

"बाज उन्हात नेता येत न्हाई, तर ऊन बाजेवर आणू," ते म्हणाले आणि शिडी लावून छपरावर चढले. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, म्हणजे छपराची कौले काढून पुन्हा नीट बसवायचे दिवस होतेच. कोणाला संशय येणार नव्हता. बाजेच्या बरोबर वरचे कवेलू त्यांनी काढले.

"पडलं का ऊन?" त्यांनी वरून विचारले.

"अर्ध्या बाजेवर पडलं. उशाकडचे अजून काढा!"

"दिसते का काही?"

"सुतळी दिसते!"

तेवढ्यात शेजारचे मोतीलाल ओरडले, "काहो शालिकरामजी, एकटेच कवेलू फेरून राह्यले? आमी मेलो का?"

छपरावर माणूस दिसला की शेजाऱ्याने चढायचे, आणि चढलेल्याला नको म्हणायचे नाही, अशी तिथली रीत. मोतीलाल आले, त्यांच्यामागे प्रेमलाल आले. "ये तो पूरी पट्टीच खराब हाय. निकालो!" असे म्हणत दोघांनी अर्धे छप्पर अंगणात उतरवले. मग दमून घरात आले आणि चहासाठी त्याच बाजेवर बसले.

छपराची माती सगळ्यांच्या अंगावर पडली होती. सगळेच खाजवू लागले. शालिकरामजी एकेकाच्या बोटांकडे पाहू लागले. माती की ढेकूण? ढेकूण असला तर बाजेचा की मोतीलालचा? सकाळी शंका एका दंडापुरती होती. आता ती सहा दंडांवर गेली.

आणि दारात दुलीचंदजी उभे!

शेजारी उठून गेले. दुलीचंदजी बाजेवर शालिकरामजींजवळ बसले; त्यांनी वर पाहिले आणि घरातल्या घरात छत्री उघडली. अनुसयाबाईंचे डोळे अजून सुतळीवरच होते. दुलीचंदजींनी वरच्या आभाळाकडे पाहिले, खालच्या बाजेकडे पाहिले आणि हळूच विचारले,

"निंगाले का?"

"का... काय जी?"

"ढेकनं."

 सरकून बसावे तर पाहुण्याला काय वाटेल, म्हणून शालिकरामजी बाजेच्या कडेला तसेच बसून राहिले.

"घाबरता काहून? आमीबी मागच्या साली असेच कवेलू काढलते. बाज अंगणात थोडीच टाकता येते? चार लोकांत राहाचं हाय." दुलीचंदजींनी छत्री शालिकरामजींच्याही डोक्यावर धरली. "असं झाकून वागनारं घर मी कवापासून ढुंढून राह्यलो होतो. पोरगी पसंत हाय आमाले."

आतून सरिताच्या बांगड्या वाजल्या. अनुसयाबाई गूळ आणायला धावल्या. शालिकरामजींना एकदम धीर आला.

"मंग तुमच्या घरी निंगाले का जी?"

दुलीचंदजींचा एक हात छत्रीवरून सुटून कॉलरच्या आत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"ते जाऊ द्या. मुहूर्त कोनता धरता?"

"तुमी म्हनसान तो," शालिकरामजी म्हणाले, आणि बसल्या बाजेवर हातभर दूर सरकले.