यादीत हात न घालणारे काका

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये साठे काकांसमोर 'सगळे म्हणतात' असं म्हणायची सोय नाही. "सगळे म्हणजे किती?" हा प्रश्न लगेच येतो. मी चळवळीतली. 'संतप्त जनता' असल्याशिवाय माझं पत्रक सुरूच होत नाही. काका ते चष्म्यावरून वाचतात आणि विचारतात, "अगं, यात संतप्त किती, नुसते नाराज किती?"

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर ते मोबाइलवर बघून कोडिंग शिकले. तेही एवढंच, की यादीत कुठली गोष्ट किती वेळा आली ते मोजायचं. जास्त वेळा आलेली वर, कमी वेळा आलेली खाली. सोसायटीच्या मीटिंगमधली वाक्यं त्यांनी अशीच मोजली. 'बघू पुढच्या महिन्यात' पहिलं आलं, तेव्हापासून सेक्रेटरी त्यांच्याशी बोलत नाहीत. "कोड एकदाच चालवायचा," काका मला बजावतात. "यादी तीच, तर आकडा तोच. परत परत चालवतो तो मूर्ख."

आमच्या रस्त्यासाठी मी घरोघरी फॉर्म भरून घेतले: पालिकेकडे तुमची एकच मागणी कोणती? मोजणी अर्थात काकांकडे. फुटपाथ, पाणी, कुत्री वर आली. अगदी तळाला, 'बाजाराच्या वाटेवर बाक: १'.

"तळाचं उडवते, काका. पत्रकात जागा नाही."

"एक म्हणजे शून्य नव्हे."

"एका माणसासाठी पालिका हलते होय?"

काका चष्मा काढून पुसायला लागले. हे नवीनच होतं.

आतून काकू म्हणाल्या, "तो एक माझा गं. गुडघे धरतात. मध्ये टेकायला मिळालं तर मी परत यांच्याबरोबर बाजारात जाईन. एकटे जातात नि रोज दोडका आणतात. तो मोजा म्हणावं."

मी काकांवर भडकलेच. "मग तुम्ही का नाही मागितला बाक? दोन झाले असते."

"मी फॉर्मच भरला नाही. मोजणाऱ्यानं यादीत हात घालायचा नसतो."

"बायकोसाठीसुद्धा?"

"मोह झाला होता," काका म्हणाले. "दोनदा."

मी मोजणारी नाही, ओरडणारी आहे. माझा फॉर्म राहिलाच होता, तो तिथंच भरला. काकांनी कोड चालवला. बाक: २.

पत्रकात मी लिहिलं, 'संतप्त जनतेला बाजाराच्या वाटेवर बाक हवा.' जनता म्हणजे किती, ते काकांनी विचारलं नाही. ते कोड परत चालवत होते. यादी तीच होती.