धवलराव अजून उतारावर आहेत

"देवदत्त, हे जोडायचंय. रविवारी रेस आहे," असं म्हणून शर्मिष्ठामॅडमनी टेबलावर एक खोकं ठेवलं आणि देवदत्तच्या तोंडून सवयीनं "हो मॅडम" निघून गेलं. खोक्यात काय आहे ते त्यानं नंतर पाहिलं. तोवर मॅडम आपल्या केबिनमध्ये पोचल्याही होत्या.

मुलुंडच्या एका मॉलच्या तळघरात बर्फाचा पार्क होता. तिथले तिकिटाचे प्रिंटर, सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर देवदत्त सांभाळायचा. बर्फ मशीनचा होता, पण थंडी अस्सल होती. एका बाजूला बऱ्यापैकी लांब उतार होता आणि लोक भाड्याच्या स्की पायाला बांधून त्यावर हौसेनं पडायचे. आता या पडण्याची शर्यत लावायची असं मालक धोंडिरामशेठ यांनी ठरवलं होतं. त्यांचे जावई धवलराव मनालीला आठवडाभर स्की शिकून आले होते, आणि ते चारचौघांना दिसल्याशिवाय शेठना चैन पडणार नव्हतं.

खोक्यात परदेशातल्या कुठल्याशा क्लबनं विकून टाकलेलं टायमरचं सामान होतं. वरच्या टोकाला बसवायची एक दांडी होती. खेळाडूचा पाय लागून ती हलली की घड्याळ सुरू. खालच्या टोकाला दोन खांब. एकातून न दिसणारा किरण निघायचा आणि समोरच्या खांबावर आपटून परत यायचा; मध्ये कुणी आलं की घड्याळ बंद. ही वेळ कॉम्प्युटरनं आपोआप घ्यायची, नंबर लावायचे आणि मोठ्या पडद्यावर दाखवायचे. सोबतचं पुस्तक देवदत्तला न येणाऱ्या भाषेत होतं. त्यातलं एकच चित्र त्याला कळलं. खांबाला हात लावणारा एक माणूस होता आणि त्याच्यावर मोठी लाल फुली मारलेली होती. ते चित्र पाहून त्याला घाम फुटला, तोही बर्फाच्या पार्कात.

त्यानं धीर करून केबिनचं दार ढकललं. "मॅडम, समजा... म्हणजे समजा हं... नाही जमलं तर?"

"तर काय? मानखुर्दला जागा आहेच," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

मानखुर्दला शेठचं जुनं गोडाऊन होतं. मासळीवाल्यांना बर्फ पुरवून शेठनी नाव कमावलं, त्या काळातलं. आता तिथं पार्कचं जास्तीचं सामान राहायचं आणि उंदीर राहायचे, आणि त्यातले उंदीर जास्त जुने होते. देवदत्त पालीला, लिफ्टला आणि मॅडमना घाबरायचा. पण उंदराचं नुसतं नाव निघालं तरी तो खुर्चीवर पाय वर घ्यायचा. त्याच्याआधी या टेबलावर बसणारा बाळ एकदा प्रिंटर बिघडवून मानखुर्दला गेला होता. दिवाळीत पेढे द्यायला आला तेव्हा त्यानं पँटीचे पाय मोज्यात खोचलेले होते. "इथं कशाला खोचलंस रे?" असं विचारल्यावर तो कसनुसं हसला होता. "सवय झाली यार. काल तर लग्नात पण असाच गेलो."

तेव्हापासून देवदत्तला मानखुर्द म्हटलं की ते मोजे दिसत.

"नाही म्हणून सांग ना सरळ," घरी जयंती म्हणाली. "तुला येतं का त्यातलं काही?"

"नाही येत."

"मग?"

"नाही येत हे सांगायचीच तर भीती वाटते गं."

जयंतीनं कपाळावर हात मारून घेतला आणि देवघरातली कुंकवाची पुडी त्याच्या डब्याच्या पिशवीत टाकली. "मशीन सुरू करायच्या आधी लाव. बाकी तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी कळलं की टायमरच्या वायरीला जो प्लग आहे, तो जाईल असं भोकच लॅपटॉपला नाही. स्टेशनसमोरच्या दुकानातून देवदत्तनं जोडणी आणली. मग कॉम्प्युटरनं विचारलं, टायमर कुठल्या पोर्टवर आहे? समोर भलीमोठी यादी. देवदत्त एकेक निवडायचा, कॉम्प्युटर लाल अक्षरात नाही म्हणायचा, आणि प्रत्येक लाल अक्षरासरशी देवदत्तला आपल्या पायावरून काहीतरी सरसर गेल्यासारखं वाटायचं.

जॅकेट आणि गमबूट देणाऱ्या वनमालाताई काउंटरवरून हे सगळं बघत होत्या. "देवदत्ता, काय झाला रे तुका? पाय कित्याक वर घेतलंस?"

"काही नाही ताई. थंडी."

शनिवारी सकाळी यादीतला एक पोर्ट लागला. वनमालाताई खुशीनं रबरी टायरवर बसल्या, पायानं दांडी उडवून "गे बाय माझे!" अशी आरोळी ठोकत खाली आल्या, आणि पडद्यावर त्यांची वेळ उमटली. एकदा नाही, जितक्या वेळा त्या आल्या तितक्या वेळा. खरं तर एकदाच पुरे होतं, पण ताईंना थांबवणं अवघड झालं.

"झकास!" देवदत्त ओरडला. त्या दिवशी तो जेवला.

रविवारी सकाळी मात्र भीती परत आली. काल चाललं म्हणजे आज बिघडणार, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. कुणी यायच्या आत त्यानं पुडी सोडली. लॅपटॉपला कुंकू लावलं, वरच्या दांडीला लावलं, मग खालच्या खांबापाशी आला. खांबाला हात लावताना लाल फुलीवाला माणूस आठवला, पण देवाचं काम होतं. आता खांबाचं कपाळ कुठलं? वरच्या टोकाला एक गोल, गुळगुळीत, चकचकीत जागा दिसली. हेच कपाळ, असं म्हणून त्यानं तिथं बोट भरून कुंकू लावलं, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला.

अकराच्या सुमाराला शेठ आले, मंडळी आली, मॅडम नवी शाल घेऊन आल्या. पहिला मान अर्थात धवलरावांचा. ते वर चढले, गॉगल लावला, पायानं दांडी उडवली. पडद्यावर घड्याळ धावू लागलं. धवलराव खरंच छान आले, न पडता आले, दोन्ही खांबांच्या मधून सुळकन गेले. टाळ्या झाल्या.

घड्याळ धावतच राहिलं.

पडद्यावर ठळक अक्षरात होतं: धवल, उतारावर. धवलरावांनी स्की सोडल्या, गळ्यात हार घालून घेतला, सासऱ्यांच्या पाया पडले. धवल, उतारावर. त्यांनी गरम सूप घेतलं. धवल, उतारावर. वर दुसरे खेळाडू कुडकुडत उभे होते, पण पहिला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर दुसऱ्याला सोडायला तयार नव्हता.

"जावईबापू अजून उतरतायत की काय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. धवलरावांचा चेहरा पडला.

शेठची मान हळूहळू वळली. "शर्मिष्ठाबाई, काय भानगड आहे?"

मॅडमची मान वळली. "देवदत्त?"

देवदत्तला वळायला मागे कुणी नव्हतं. त्यानं वायर काढून लावली, पोर्ट तपासला. सगळं ठीक होतं, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला. तो उठला आणि सगळ्यांच्या देखत उतारापाशी गेला. खांबाजवळ पोचला आणि त्या गोल चकचकीत कपाळाकडे त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते कपाळ नव्हतं, डोळा होता. किरण तिथूनच जात-येत होता, आणि डोळ्यावर जयंतीच्या देवघरातलं कुंकू घट्ट गोठून बसलं होतं; मधून गेलेले धवलराव त्याला दिसलेच नव्हते.

आपली वाट आपणच लावली, हे कळून त्याला रडूच यायला लागलं. पाठ सगळ्यांकडे करून त्यानं बाहीनं खांबाचा डोळा खसाखसा पुसला. डोळा उघडला आणि त्याला पहिलं काय दिसलं असेल तर देवदत्तचा हात. घड्याळ थांबलं. धवलराव एकदाचे पोचले, आणि त्यांच्या वेळेत वनमालाताई टायरवरून सहज सतरा वेळा खाली आल्या असत्या.

"ही वेळ धरायची नाही!" मॅडम घाईघाईनं ओरडल्या. "धवलराव पुन्हा येतील!" धवलराव पुन्हा आले, पुन्हा न पडता आले, आणि या वेळी घड्याळ जागच्या जागी थांबलं. मग सगळी शर्यत बिनबोभाट झाली. धवलराव पहिले आले. दुसरं कुणी उभं राहूनच खाली पोचलं नाही.

बक्षीस समारंभानंतर शेठनी देवदत्तला बोलावलं. "काय झालं होतं रे मघाशी?"

देवदत्तनं लाल झालेली बाही पाठीमागे लपवली. खरं सांगितलं की मानखुर्द, हे त्याला दिसत होतं. "शेठ, मशीन फार नाजूक आहे. थंडीत त्याच्या डोळ्यावर थर जमतो. कुणीही हात लावून चालत नाही. जाणकार माणूसच लागतो."

"आणि तो थर तुला बरोबर कळला."

"हो शेठ," देवदत्त म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपली छाती जरा पुढे आल्यासारखी वाटली.

शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंत शर्मिष्ठाबाई? एवढी नाजूक वस्तू इथं लोकांच्या पायात नको. पुढच्या रेसपर्यंत नीट ठेवा, आपल्या गोडाऊनला. आणि तिच्यासोबत कायम जाणकार माणूस पाहिजे." मॅडमनी मान डोलावली. "उद्यापासूनच पाठवते."

संध्याकाळी देवदत्त घरी आला तेव्हा जयंती दारातच उभी होती. "काय रे, जमलं का?"

"जमलं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? कुंकवाचा गुण!"

देवदत्त थेट कपाटाशी गेला आणि खालचा खण उपसायला लागला.

"काय शोधतोयस?"

"मोजे," देवदत्त म्हणाला. "लांब असतील ते."