फोल्डरातली लाल जलेबी

यवतमाळच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात नवा माणूस आला की गणवीर सर त्याला आधी चूक मागत. स्वतः केलेली, खरी. ती सगळ्यांच्या सामाईक ऑनलाइन फोल्डरात टाकल्याशिवाय खुर्ची मिळत नसे. माझ्या एका न्हाणीघराचं दार बेसिनला अडून अर्धंच उघडायचं. तो नकाशा टाकला, तेव्हा कुठे बसायला मिळालं.

फोल्डरातली पहिली चूक खुद्द सरांची होती. लोहाऱ्याच्या एका घरात जिन्यावरचा बीम इतका खाली आला, की पाहायला गेलेल्या सरांचंच कपाळ त्यावर आदळलं. नकाशाशेजारी टेंगळासकट त्यांचा फोटो होता. तोंडी काही सांगायला गेलं की ते हात वर करत. "मले नको सांगू. फोल्डरात टाक. उद्या दुसऱ्याच्या कामी येईन."

आमच्या नकाशात खोट दिसली की ते कॉम्प्युटरवर तिच्याभोवती लाल वेटोळं काढत. आम्ही त्याला जलेबी म्हणायचो. डब्यातल्या भाजीचा फोटो टाकला असता, तर तिच्या मिठावरही जलेबी आली असती.

मग कापसाचे वाईट दिवस आले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, म्हणून दुकानदाराच्याही नाही. घरं बांधणार कोण? एकेक जण पुण्या-नागपूरला गेला. मी वणीला, माझ्या गावी परतलो. मुश्किलीने एका शिक्षिकाबाईंच्या घराचं काम मिळालं. ते बिघडलं असतं तर पुन्हा कुणी मला दारात उभं केलं नसतं. जुन्या सवयीने नकाशा फोल्डरात टाकला आणि पाया खोदायला लावला.

दुपारच्या आत जलेबी हजर. "हा यवतमाळच्या मुरमावरचा पाया हाय. तुह्या तिथं काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. भिंती तडकतीन. काम थांबव."

मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी सर स्वतःच एसटीने आले. खड्ड्यातली माती मुठीत दाबून पाहिली, पाया किती खोल न्यायचा ते दाखवलं आणि चहा मागितला.

"सर, फोल्डरात तं सगळं लिहिलं होतं तुम्ही. इतक्या दूर कायले आले?"

ते बशीत फुंकर घालत राहिले. "ऑफिसात आता कोणी नाही रे. मीच टाकतो, मीच वाचतो."

मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. मग तोंडी बोलायला मनाई करणारे सर शेवटच्या गाडीपर्यंत बोलत बसले.

बाईंच्या भिंतीला आजवर तडा नाही. त्या घरामुळे पुढची कामं मिळाली. माझी भाकरी सरांचीच देणगी आहे. मी अजून फोल्डरात नकाशे टाकतो. चूक नसेल त्या दिवशी एखादं दार मुद्दाम बेसिनला अडवून ठेवतो. चहा संपायच्या आत जलेबी येते.